कौलपेटीतले चार सेल

रविवारी सकाळी दहाच्या आतच पोल्ट्रीशेडपुढं पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती. वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या अंगाला, ही शेड कोंबड्या मेल्यापासून बंद पडलेली. आता तिच्यापुढं मोटारसायकलींची रांग, दोन टेम्पो, दौंडकडून आलेली एक जीप आणि चपलांचा ढीग. कोंबडखताचा वास उदबत्तीनं मारायचा प्रयत्न चालला होता आणि तो साफ फसला होता. पण नाक मुरडत होतो तो एकटा मीच. बाकीच्यांचे डोळे समोरच्या चौरंगावर खिळले होते.

चौरंगावर एक पेटी. आकारानं चपलेच्या खोक्याएवढी, भंडाऱ्यानं पिवळीधमक माखलेली. पुढं पितळेचा देवाचा टाक चिकटवलेला. वर तांब्याचं पान, उजवीकडं पिवळा दिवा, डावीकडं लाल. पेटीमागं साहेबराव महाराज. भगवी लुंगी, बोटात ठसठशीत अंगठी आणि तोंडाचा पट्टा चालू.

‘‘तांदूळ चिकटवून, सुपारी लावून कौल घ्यायचा जमाना गेला,’’ महाराज सांगत होते. ‘‘देव बी आता पुढं आलाय. ह्या पेटीत हिमालयातली चिप हाय. बारा वर्षं बर्फात व्हती. अमेरिकेचे शास्त्रज्ञ हात टेकून गेले, त्यांना उमगली न्हाई.’’

ती चिप मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणली होती. दुकानदारानं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली होती.

थांबा, ते पुढं सांगतो. आधी त्या रविवारचं ऐका.

मी ज्ञानेश. शिरूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. विहिरीवरच्या मोटारीचे ऑटो स्टार्टर मी बनवतो; लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारे. त्यातल्या बोर्डावर एक छोटी चिप असते आणि तिच्यात भरायचा प्रोग्रॅम मी लिहितो. तेव्हा, म्हणजे दोन हजार तीन साली, आमच्या भागात हे काम करणारे दोघं-तिघंच असतील. त्या दिवशी मी वडगावात आलो होतो ते हनुमंताच्या मोटारीचा बोर्ड बदलायला. हनुमंताचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. हा आता दोन एकर ऊस करतो. काम झाल्यावर म्हणाला, आईला आन् पोरीला महाराजाकडं घेऊन चाललोय, तुम्ही बी चला, तुमच्याच लाइनीतलं हाय. गेलो.

कौल म्हणजे काय ते धनगरवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. देवाला विचारायचं, उजवं आलं तर होकार, डावं आलं तर नकार. आणि कधीकधी देव काहीच देत नाही. मग पुन्हा विचारायचं, पाय धरायचे, बसून राहायचं. गप बसणाऱ्या देवावर आपल्या माणसांचा जास्त विश्वास. पटकन उत्तर देतो तो भगत पोटभरू, अशी इथली समज.

रांगेतल्या म्हाताऱ्या म्हस्कूआबांनी तांब्याच्या पानावर हात ठेवला आणि गाय गाभण राहील का विचारलं. दिवे मंद झाले, मोठे झाले, इकडून तिकडं गेले आणि विझले. उत्तर नाही. आबांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पिवळा दिवा लागला तसे आबा डोळे पुसायला लागले. मागं कुणीतरी म्हणालं, खोटं असतं तर लगीच बोललं असतं. मी मात्र पेटीकडंच बघत होतो, कारण दिव्यांची ती ये-जा मला ओळखीची होती.

मग हनुमंताची आई, गिताबाई, पुढं झाली. तिचा हात धरून नऊ वर्षांची हर्षदा. पोरीला दीड वर्षापासून फिट येत होत्या. शिरूरच्या डॉक्टरनं गोळ्या लावल्यापासून सहा महिने एकही आली नव्हती. पण गोळ्यांनी पोर पेंगते, शाळेत डुलक्या काढते, म्हणून म्हातारीचा जीव तुटत होता. तिनं गोळ्यांचं पाकीट पानावर ठेवलं आणि विचारलं, ही द्यायची का बंद करायची.

दिवे हलले. आणि एकदम दोन्ही लागले, लाल आणि पिवळा एकत्र. पेटी तीनदा किंचाळली. पीं, पीं, पीं.

 मी साहेबरावाच्या तोंडाकडं बघत होतो, म्हणून शपथेवर सांगतो, तो स्वतः दचकला होता. डोळे क्षणभर पांढरे झाले त्याचे. मग सावरला.

‘‘कोप,’’ तो म्हणाला. ‘‘देवाच्या पानावर जनावराच्या चरबीची गोळी ठेवली, म्हातारे. पोरीच्या तोंडाला लावशील तर पोर ऱ्हाणार न्हाई.’’

आणि त्यानं ते पाकीट उचलून चौरंगाशेजारी पेटलेल्या धुनीत टाकलं. जळक्या प्लॅस्टिकचा धूर निघाला. लोकांनी चांगभलं केलं. हर्षदेची आई प्रतिभा मागं बायकांत उभी होती. ती एक पाऊल पुढं आली आणि नवऱ्याकडं बघून थांबली.

मी काय केलं? काही नाही. साहेबरावानं मला गर्दीत ओळखलं, एक डोळा बारीक केला, आणि मी मान खाली घालून बाहेर आलो. मोटारसायकलला किक मारली आणि सरळ शिरूर गाठलं.

आता कबुली देतो, कारण ती दिल्याशिवाय साहेबरावाला शिव्या घालायचा मला हक्क नाही. ती पेटी मी बनवली होती.

साल-दीड सालापूर्वी साहेबराव माझ्याकडं आला तेव्हा पॅन्ट-शर्टात होता. दौंडच्या बाजारात घड्याळं विकायचा. म्हणाला, जत्रेत मांडायला खेळ हवाय. हात ठेवायचा, प्रश्न विचारायचा, हो किंवा नाही असा दिवा लागायचा. पण उत्तर माझ्या मनाप्रमाणं आलं पाहिजे आणि मी बटण दाबताना दिसता कामा नये. मला मजा वाटली. पेटीच्या आत उजव्या कडेला मी काचेची एक बारीक नळी बसवली. तिच्यात लोखंडाच्या दोन पत्त्या असतात. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, लांब गेला की सुटतात. पत्त्या चिकटल्या तर पिवळा, सुटल्या तर लाल. चुंबक त्याच्या अंगठीत. हिमालय तो एवढाच.

महिन्याभरात परत आला. पेटी फार घाईनं बोलते म्हणाला, गिऱ्हाइकाला आत काहीतरी विचार चाललाय असं वाटलं पाहिजे. मी प्रोग्रॅम सुधारला. चार सेकंद थांबायचं, दिवे मंद-मोठे करायचे, मग उत्तर. पुन्हा आला. म्हणाला, अधूनमधून गप बसू दे. मी तेही घातलं; पाचातून एकदा-दोनदा काहीच बोलायचं नाही. प्रत्येक सुधारणेगणिक पेटी जास्त देवासारखी वागायला लागली होती आणि मी माझ्या हुशारीवर खूश होतो. जत्रेतल्या खेळाला गप बसायचं कशाला लागतं, हा प्रश्न मला पडला नाही का? पडला होता. मी तो बाजूला सारला, एवढंच.

मग ते तीन पीं-पीं. ऐका, हे महत्त्वाचं आहे. कुठलाही बोर्ड चालू झाला की आधी स्वतःला तपासतो. सगळे दिवे लावून बघतो, तीनदा शिट्टी मारतो, म्हणजे सगळं ठीक. साहेबरावाच्या पेटीत चार सेल होते, बॅटरीत घालतो तसले. सेल उतरायला लागले की दिवा आणि शिट्टी एकदम चालू होताना ताकद पुरत नाही, चिपला क्षणभर भोवळ येते, ती बंद पडून पुन्हा चालू होते आणि पहिल्यापासून स्वतःला तपासते. दोन्ही दिवे, तीन शिट्ट्या. हा दोष होता. माझ्या लक्षात आला तेव्हा मी तो काढला. दिवा आणि शिट्टी एकामागून एक चालतील असं केलं. नवा प्रोग्रॅम भरून पेटी दिली.

चार दिवसांत साहेबराव लाल होऊन हजर. ‘‘ते दोन दिव्यांचं कुठं गेलं? लोकांना तेच आवडतंय. परत घाल.’’

आणि मी परत घातलं. काढलेला दोष गिऱ्हाइकाच्या मर्जीसाठी पुन्हा भरला. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही. धुनीतून तो धूर निघाला तेव्हा वाटली, आणि तरीही मी पळालो.

गुरुवारी प्रतिभा वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. सोबत हर्षदा. पोरीच्या कपाळाला पट्टी. मंगळवारी कालव्याच्या चारीवर धुणं धुताना पोरीला फिट आली आणि ती पाण्यात तोंडावर पडली. गुडघाभर पाणी, पण तोंड बुडायला गुडघाभर पुरतं. प्रतिभा हाताच्या अंतरावर होती म्हणून पोर वाचली. डॉक्टरनं प्रतिभाला फैलावर घेतलं. या गोळ्या अशा अचानक बंद केल्या तर फिट उलट जोरात येतात, एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. नवं पाकीट दिलं. ते तिनं पिशवीच्या तळाला ज्वारीच्या पिठात लपवलं होतं. जखम दाखवायच्या नावाखाली पोरीला बाहेर काढता आलं होतं; एरवी घरात सासू पोरीला नजरेआड करत नव्हती. पोर पडली ती सुद्धा म्हातारीच्या लेखी कोपानंच; अजून अंगात जुनी गोळी हाय, ती निघून जाऊ दे.

ती माझ्याकडं आली होती ती हनुमंताच्या जुन्या बोर्डाचं निमित्त करून, बसची वेळ होईपर्यंत सावलीत बसायला. बोलता बोलता तिची नजर माझ्या टेबलाखाली गेली. तिथं दुसरी पेटी पडली होती. साहेबरावानं तोच प्रोग्रॅम भरलेली जोड मागितली होती आणि नेली नव्हती. भंडारा नाही, टाक नाही. नुसता पत्रा, तांब्याचं पान आणि दोन दिवे.

तिनं ती पेटी बराच वेळ बघितली.

‘‘म्हंजी तुम्ही केलं हे,’’ ती म्हणाली. ‘‘आन् त्या दिवशी तुम्ही तिथं व्हता.’’

मी सगळं सांगितलं. नळी, चुंबक, सेल, सगळं.  शेवटी मी म्हणालो की माझं चुकलं, तर तिनं माझ्याकडं तिरस्कारानं बघितलं.

‘‘मला सांगून काय उपेग? माज्या सासूला सांगा. आन् तिथंच सांगा.’’

रविवारी मी माझ्या पेटीतलं ते गप बसणं काढून टाकलं आणि ती पिशवीत घालून शेडमध्ये गेलो. प्रतिभानं सासूला आणि पोरीला आणलं होतं. हनुमंत घुश्शात होता, पण आला होता. साहेबरावाचं प्रवचन रंगात आलं होतं. चिप आता बर्फातून निघून थेट कैलासावर पोचली होती. मी त्याच्याशी वाद घातला नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला अंड्यांचे ट्रे ठेवायचा एक लाकडी खोका पालथा घातला, त्यावर पेटी ठेवली आणि म्हस्कूआबांना हाक मारली. म्हणालो, आबा, ह्या पेटीला विचारा, साहेबराव खोटारडा आहे का.

आबांनी घाबरत हात ठेवला. माझ्या मुठीत स्पीकरमधून काढलेला चुंबक होता. दिवे हलले आणि पिवळा लागला.

मला वाटलं होतं, लोक हसतील. साहेबरावाचं पितळ उघडं पडेल. कसलं काय. आबांनी माझे पाय धरले. त्यांच्यामागं आणखी दोघांनी धरले. एक बाई म्हणाली, ह्याच्या बी अंगात आलं. आज दोन देव उतरले शेडमध्ये. कुणीतरी माझ्या कपाळाला भंडारा फासला. आणि साहेबराव, तो हरामखोर, तिकडून शांतपणे म्हणाला, ‘‘माझाच चेला हाय तो. आशीर्वाद घ्या.’’

मी संतापलो. ओरडून सांगितलं की माझ्या हातात चुंबक आहे, हा बघा. तर म्हणे, देवानं दिला आसंल. सांगा आता, डोकं आपटायचं का?

गिताबाई मात्र पाया पडली नव्हती. ती खोक्याजवळ येऊन पेटीकडं बघत उभी होती. तिनं पोरीला पुढं ओढलं आणि मला हळूच विचारलं, ‘‘बाळा, तुज्या पेटीला इचार की. गोळी देऊ का पोरीला?’’

प्रतिभा माझ्या शेजारी होती. तिचा आवाज फक्त मला ऐकू आला. ‘‘भाऊ, हो म्हणवा. पाया पडते तुमच्या. एकदा हो म्हणवा आन् सोडून द्या.’’

एवढंच करायचं होतं. मूठ दोन बोटं पुढं सरकवायची. पिवळा दिवा लागला असता, म्हातारीनं त्याच संध्याकाळी गोळी दिली असती, पोर वाचली असती. माझा हात पुढं गेलासुद्धा. आणि मग मला ते दोन दिवे दिसले. सेल माझ्याही पेटीत होते, आणि तेही कधीतरी उतरणारच होते. आज पेटीच्या हुकमानं सुरू झालेली गोळी उद्या पेटीच्याच हुकमानं बंद झाली असती.

मी चुंबक गिताबाईच्या तळहातावर ठेवला.

‘‘आजी, मला नका विचारू. तुम्हीच लावा. इथं कडेला धरा.’’

तिनं धरला. दिवे हलले, पिवळा लागला. काढा म्हणालो. काढला. पुन्हा हात ठेवला तर लाल. तिनं पुन्हा धरला, पिवळा. मग काढला, लाल. लोक जवळ सरकले. म्हातारीनं हर्षदेच्या हातात चुंबक दिला, पोरीनं पिवळा लावला आणि खुदकन हसली. मग म्हस्कूआबांच्या हातात दिला. आबांना देव प्रसन्न होता तसा लाकूडतोड्या खंडूलाही प्रसन्न झाला, आणि खंडू सकाळपासून पिऊन आला होता.

साहेबराव उठून उभा राहिला होता. गिताबाई त्याच्याकडं वळून म्हणाली, ‘‘महाराज, तुमची अंगठी द्या बरं जरा.’’ त्यानं हात लुंगीत घातला. अंगठी ब्रह्मचर्याची आहे, बाईनं शिवायची नसते, असं काहीतरी बोलला. पहिल्यांदाच मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

‘‘आन् कोप?’’ गिताबाईनं मला विचारलं. ‘‘त्यो कुटं धरायचा?’’

तिची ही अडचण खरी होती. कौल अंगठीतला असेल, पण कोप तर महाराजांनाही दचकवून गेला होता. तिनंही ते बघितलं होतं, म्हातारी वेडी नव्हती. मी पेटीचे चार स्क्रू काढले आणि आतले नवे सेल बाहेर ठेवले. हनुमंताच्या मोटारसायकलच्या पिशवीत चार सेलांची जुनी बॅटरी होती, रात्री पाणी धरायला जाताना न्यायची. तिच्यातले उतरत आलेले सेल मागून घेतले आणि पेटीत बसवले. कुणी काही विचारलं नाही, पानावर काही ठेवलं नाही. गिताबाईनं फक्त हात टेकवला. दोन्ही दिवे लागले. पीं, पीं, पीं.

सेल बदलले. कोप गेला. जुने घातले. कोप आला. तीनदा करून दाखवलं. चौथ्यांदा हनुमंतानं स्वतःच्या हातानं केलं.

म्हातारी खाली बसली. 

‘‘म्हंजी त्या दिवशी देव न्हवता चिडला?’’

‘‘नाही, आजी. सेल उतरले होते.’’

‘‘आन् मी तेवढ्यासाठी पोरीला...’’  हर्षदेच्या कपाळावरच्या पट्टीवर हात ठेवून ती रडली, मोठ्यानं, लोकांची पर्वा न करता. हनुमंत खाली बघत होता. मी पण.

कुणाचं तरी लक्ष गेलं तेव्हा साहेबराव मागच्या दारानं निसटला होता. पेटी न्यायला त्याला सवड मिळाली नाही. गावच्या हौसराव पाटलांनी ती फोडायला दगड उचलला. मी म्हणालो, फोडू नका, उघडा. फोडलेली वस्तू कळत नाही. खंडूनं चाकूच्या टोकानं स्क्रू काढले आणि देवाच्या टाकामागं माझा हिरवा बोर्ड सगळ्यांनी बघितला. हा कुणी बनवला, असं पाटलांनी विचारलं. मी बनवला, असं सांगितलं. त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

सगळेच शहाणे झाले असं समजू नका. दोघंतिघं जाताना पुटपुटत होते की महाराज गेले ते कैलासाला गेले. एका बाईनं माझी पेटी घरी ठेवायला मागितली. अशांशी मी अजून भांडतो. तुम्हीही भांडा. कुणी म्हणालं, ही वस्तू उघडायची नाही, उघडलीत तर कोप होईल, तर समजा की आत बघण्यासारखं काहीतरी आहे. स्क्रू काढा. एकदा झालेली गोष्ट पुन्हा करून दाखवा म्हणा. दुसऱ्याच्या हातानं करून दाखवा म्हणा. यासाठी माझ्यासारखं शिकलेलं असावं लागत नाही. मी शिकलेला होतो आणि मी काय केलं ते तुम्ही वाचलंच.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर गिताबाई बराच वेळ तशीच बसून होती. पेटी तिच्या पुढ्यात होती, चुंबक तिच्या मांडीवर. मला भीती वाटली की सवयीनं ती पुन्हा पानावर हात ठेवील. तिनं चुंबक खाली ठेवला, नाक पदराला पुसलं आणि सुनेकडं मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सुनेला काही विचारलं असेल.

‘‘प्रतिभा, डाक्टर काय म्हनला व्हता?’’

‘‘सकाळ-संध्याकाळ एकेक,’’ पिशवीच्या तळातून पाकीट काढत प्रतिभा म्हणाली. ‘‘एक बी दिवस चुकवायचा न्हाई.’’

‘‘मग आज सकाळची ऱ्हायली,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘पानी आन.’’